पत्र्यावरचं डुक्कर

पापानं कोठाराच्या पत्र्यावर खडूनं डुक्कर काढलं.
खरं तर बटाटाच तो, चार काटक्यांवर उभा.
म्हणाला, दाखव, काळीज कुठं?
हरणाचं असतं तिथं मी बोट ठेवलं.
चुकलीस. खाली ये. अजून पुढं.
पुढच्या पायाच्या आत, कोपराच्या जरा वर,
एवढ्याशा जागेत सगळं कोंबलंय त्याचं.
मागं लागली तर पोट फुटतं,
ते पळतं,
आणि मरायला दोन दिवस घेतं
कुठल्यातरी बोरूच्या बेटात, एकटं.
तसं मारायचं असेल
तर घरी बस.

लुईझियानाच्या या सखल भागात आम्ही भात लावतो.
रात्री बांधावरून ती येतात, तीस-तीस, चाळीस-चाळीस,
आणि सकाळी शेत असं, जसं कुणी
हरवलेली अंगठी शोधत होतं.
शेजारच्या एव्हारिस्तनं यंदा
अर्धी खाचरं तशीच सोडून दिली.

रेमीनं, माझ्या भावानं, नवी रायफल आणली.
तिच्यावरची दुर्बीण केवढी,
चंद्रावरचे खड्डे मोजावेत!
पापानं ती हातात तोलली, छान आहे म्हणाला, परत दिली.
मला मिळाली आजोबाची तीस-तीस,
दस्त्याला तांब्याच्या तारेचं ठिगळ,
दांडी खाली ओढली की आत जुनं बिजागर कण्हतं.
ऐंशी पावलांच्या आत ही पुरते, एलोदी.
त्यापलीकडं तुझा नेम पुरणार नाही.
आणि बावीसला हात लावायचा नाही.
बावीस डब्यांसाठी, खारींसाठी.
बावीसनं डुकराला मारणं
म्हणजे त्याला नुसती शिवी देणं.

नराला ढाल असते, हेही त्यानंच सांगितलं.
खांद्यावर, कातड्याखाली, बोटभर जाड,
एकमेकांचे सुळे खाऊन खाऊन
निबर झालेली.

ऑक्टोबर. पंपाच्या खोपटात आम्ही तिघं.
कापलेल्या भाताचा ओला वास, डासांची किणकिण.
आधी माद्या आल्या, पिलं आली,
मग बऱ्याच वेळानं तो, एकटा,
तोंड आमच्याकडं करून.
थांब, पापा पुटपुटला. थांब.
मी थांबले. माझं मनगट थांबेना.
मग त्याला डावीकडं काहीतरी ऐकू आलं
आणि त्यानं आपली अख्खी कूस
माझ्यापुढं वळवली.

खाली. अजून पुढं.

वीसेक पावलं पळाला असेल.
मग बसला, अगदी बसलाच,
काहीतरी विसरल्यासारखा.

ट्रकच्या दिव्यात सोलताना
खांद्याच्या ढालीत सुरी टक् करून अडली.
रेमीनं उकरून काढलं:
शिशाचा चपटा दाणा, मसुराएवढा,
भोवती मांस भरून आलेलं.
कुठल्या गाढवाचा हा नेम? रेमी हसला.
पापानं दाणा घेतला, चिमटीत फिरवला,
विजारीला पुसला.
बावीसची आहे, म्हणाला.
मग मुंडकं दिव्याकडं वळवून
त्याचा डावा कान बघितला. अर्धाच होता.
तेव्हाही अर्धाच होता.

कधी? मी विचारलं.
पुराच्या साली. तुमची आई लेक चार्ल्सला इस्पितळात.
बाकीच्या बंदुका गहाण होत्या.
आणि डुक्कर दारात येऊन
तिचे रताळ्याचे वाफे उकरत होतं.
रेमी म्हणाला, हेच कशावरून?
पापानं उत्तर दिलं नाही.
दोन्ही हातांनी आतडी बादलीत घेतली,
तीन पाण्यांतून धुतली,
एक मागचा पाय एव्हारिस्तकडं पाठवला,
आणि जेवताना
मीठ जास्त झालंय एवढंच बोलला.

सकाळी कोठारापाशी गेले
तर पत्र्यावरच्या बटाट्याला
खांद्यावर, वरच्या बाजूला,
काळजापासून चांगलं वीतभर लांब
एक नवा ठिपका होता.
पापा मागं उभा होता.
खडू खिशात टाकून
तो पंप सुरू करायला गेला.